यूट्यूब आणि उदरनिर्वाह



व्हिडिओ काढून पोट भरण्यास किती काळ लागतो, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय नवा आहे, पण त्यांतली चिंता जुनी आहे. मुलगा कोणत्या धंद्यांत पडणार आणि त्याच्या हाताला केव्हां चार पैसे लागणार, हा प्रश्न प्रत्येक पिढींतल्या आईबापांनीं विचारलेला आहे. पूर्वीं तो शेती, दुकान, नोकरी यांविषयीं विचारला जाई. आतां तो यूट्यूबविषयीं विचारला जातो. मी आयुष्यभर प्राथमिक शाळेंत मुलें शिकविलीं. माझे जुने विद्यार्थी अजूनही सल्ल्यासाठीं घरीं येतात. त्यांतील कोणी लागलेली नोकरी सोडण्याच्या बेतांत असतो, कोणी कॅमेऱ्यासाठीं पतपेढीचें कर्ज काढण्याच्या विचारांत असतो, आणि एखाद्याचे वडील, 'मास्तर, याला कांहीं तरी समजावून सांगा,' असें म्हणत त्याच्या मागोमाग येतात. मुलाला वाटतें, सहा महिन्यांत घर चालूं लागेल; वडिलांना वाटतें, हा सारा रिकामटेकडेपणा आहे. माझ्या मतें दोघांपाशींही हिशेब नसतो. तो हिशेब आपणांपुढें मांडावा, एवढाच या भाषणाचा हेतु. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. परंतु येथें लागणारें गणित त्रैराशिकाच्या पलीकडे जात नाहीं, म्हणून हें धाडस करीत आहें.

प्रथम पैसा येतो कोठून तें पाहूं. यूट्यूबचा जन्म २००५ सालच्या फेब्रुवारींत अमेरिकेंत झाला. त्याच वर्षीं २३ एप्रिल रोजीं त्यावर पहिला व्हिडिओ चढला. प्राणिसंग्रहालयांत हत्तींसमोर उभा राहून एक तरुण दोनचार वाक्यें बोलतो, एवढाच त्याचा विषय, आणि १९ सेकंद एवढीच त्याची लांबी. पुढच्याच वर्षीं गूगल कंपनीनें ही सारी पेढी १६५ कोटी डॉलरांना विकत घेतली. परंतु व्हिडिओ करणाऱ्यांच्या हातीं त्या वेळीं कांहीं पडत नव्हतें. २००७ सालच्या मे महिन्यांत निवडक लोकांना जाहिरातींच्या उत्पन्नांत वांटा देण्याची योजना सुरू झाली, आणि छंदाचा धंदा होण्यास तेथून आरंभ झाला.

ही योजना समजण्यास कठीण नाहीं. व्हिडिओ पाहणारा सहसा कांहीं देत नाहीं. देतो तो जाहिरातदार. वर्तमानपत्राच्या अंकाच्या किंमतींत त्याचा कागदसुद्धां निघत नाहीं, बाकीचा खर्च जाहिराती भरून काढतात. तसाच हा प्रकार आहे. नेहमींच्या लांब व्हिडिओवर जें जाहिरातीचें उत्पन्न होतें, त्यांतील शेंकडा ५५ भाग व्हिडिओ करणाऱ्याला मिळतो आणि ४५ भाग यूट्यूब ठेवून घेतें. 'शॉर्ट्स' नांवाचे जे आंखूड व्हिडिओ बोटानें भराभर सरकविले जातात, त्यांच्या उत्पन्नाची वांटणी १ फेब्रुवारी २०२३ पासून सुरू झाली. तेथें सर्वांच्या उत्पन्नाची एक रास करतात, आणि त्या राशींतून आपल्या वांट्याला जें येईल त्याचे शेंकडा ४५ हातीं पडतात. शॉर्ट्सना प्रेक्षक पुष्कळ, पण एका पाहण्यामागें मिळणारा पैसा फारच थोडा. म्हणून लाखों लोकांनीं पाहिलें हें ऐकून कोणीं लगेच हुरळून जाऊं नये.

जाहिरातदार सर्व प्रेक्षकांना सारखा भाव देत नाहीं, ही दुसरी गोष्ट. अमेरिकेंतील प्रेक्षकाला जाहिरात दाखविण्याचा भाव एक, आपल्याकडील प्रेक्षकाला दाखविण्याचा भाव त्याहून पुष्कळ कमी. पैशाची गुंतवणूक, विमा, संगणक असल्या विषयांना भाव अधिक. गाणीं, गमती, थट्टामस्करी यांना कमी. दिवाळीच्या तोंडावर जाहिराती वाढतात आणि जानेवारींत ओसरतात. तेव्हां 'हजार जणांनीं पाहिलें तर किती रुपये,' या प्रश्नाला एक ठराविक उत्तर नाहीं. जो कोणी ठामपणें एक आंकडा सांगेल, त्याच्यापासून थोडें सावधच असावें.

आतां दाराशीं येऊं. जाहिरातींत वांटा मिळण्यापूर्वीं एक दार ओलांडावें लागतें. २०१७ सालच्या एप्रिलमध्यें अट अशी होती कीं, चॅनेलवरील सर्व व्हिडिओ मिळून १०,००० वेळां पाहिले गेलेले असावेत. २०१८ सालच्या आरंभीं ती अट बरीच कडक झाली. आज जाहिरातींच्या वांट्यासाठीं १,००० सबस्क्राइबर असावे लागतात, आणि गेल्या बारा महिन्यांत लोकांनीं आपले व्हिडिओ एकूण ४,००० तास पाहिलेले असावे लागतात. अथवा ९० दिवसांत शॉर्ट्स एक कोटी वेळां पाहिले जावे लागतात. २०२३ सालापासून ५०० सबस्क्राइबरांवर एक अलीकडचें दारही उघडतें; परंतु तेथें मिळते ती प्रेक्षकांनीं राजीखुषीनें दिलेली देणगी किंवा वर्गणी, जाहिरातींचा वांटा नव्हे.

चार हजार तास ऐकावयास मोठे वाटत नाहींत. परंतु ते फळ्यावर मांडून पाहा. ४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटें. समजा, आपला व्हिडिओ आठ मिनिटांचा आहे. पाहणारा माणूस तो शेवटपर्यंत पाहत नाहीं. सरासरी तीन मिनिटें पाहतो असें धरूं. म्हणजे आपले व्हिडिओ वर्षभरांत ८०,००० वेळां पाहिले गेले पाहिजेत. आठवड्यास एक याप्रमाणें वर्षांत ५२ व्हिडिओ होतात. ८०,००० ला ५२ नीं भागलें म्हणजे प्रत्येक व्हिडिओच्या वांट्याला सुमारें १,५४० वेळां पाहणें येतें. एका लहान खेड्यांतील लेंकराबाळांसह सारीं माणसें दर आठवड्याला आपल्या अंगणांत जमावीं आणि असें ५२ आठवडे व्हावें, तेव्हां कोठें दार उघडणार. ज्याचे पहिले व्हिडिओ घरचीं चार माणसें आणि वर्गांतले दहा मित्र पाहतात, त्याला येथपर्यंत येण्यास एक वर्ष लागलें तर तें लवकरच झालें म्हणावयाचें. दीड-दोन वर्षें लागलीं तर त्यांत नवल नाहीं.

बरें, दार उघडल्यावर तरी आंत धनाच्या राशी असतात काय? हिशेबासाठीं असें धरून चालूं कीं, हजार वेळां पाहण्यामागें कर्त्याच्या हातीं ४० रुपये पडतात. हा आंकडा मीं केवळ उदाहरणासाठीं घेतला आहे. ज्याला स्वतःचा खरा आंकडा ठाऊक असेल त्यानें तो घालून पाहावा. या भावानें ८०,००० वेळां पाहण्याचे होतात ३,२०० रुपये. म्हणजे ज्या प्रेक्षकसंख्येवर दार उघडतें, तिची वर्षाची किंमत एका किराणा यादीएवढी. त्यांतही दार उघडण्यापूर्वीं जें पाहणें झालें त्याचे पैसे मागाहून मिळत नाहींत. शिवाय उत्पन्न दहा डॉलरांवर गेलें कीं पत्त्याची खात्री करण्यासाठीं टपालानें एक गुप्त क्रमांक येतो, आणि १०० डॉलर जमेपर्यंत रक्कम बँकेंत जमा होत नाहीं. पुष्कळांच्या बाबतींत दार उघडणें आणि पहिली रक्कम हातीं येणें यांतच कित्येक महिने जातात.

आतां उदरनिर्वाहाचा हिशेब करूं. तालुक्याच्या गांवीं राहणाऱ्या लहान कुटुंबाला महिन्याला २५,००० रुपये लागतात असें धरा. हजारामागें ४० रुपये या भावानें त्यासाठीं व्हिडिओ महिन्याला ६,२५,००० वेळां पाहिले गेले पाहिजेत. महिन्यांतल्या चारच व्हिडिओंवर हा भार टाकला तर प्रत्येकाच्या वांट्याला दीड लाखाहून अधिक पाहणें येतें. हें काम नवख्याच्या आवांक्यांतलें नाहीं. पण चॅनेलवर जुने शंभर व्हिडिओ सांठलेले असतील आणि ते अजूनही पाहिले जात असतील, तर प्रत्येक व्हिडिओला महिन्याला ६,२५० वेळां पाहणें पुरतें. हें सोपें आहे असें नव्हे. परंतु अशक्य कोटींतलेंही नव्हे.

या दोन आंकड्यांतील अंतरांत आपल्या प्रश्नाचें उत्तर दडलेलें आहे. काळ महिन्यांनीं मोजूं नये, सांठ्यानें मोजावा. भाजीचा मळा आणि आंब्याची बाग यांत जो भेद आहे, तोच येथें आहे. मेथीची जुडी आज विकली तर विकली, उद्यां ती सुकली. आंब्याचें कलम चार-पांच वर्षें नुसतें पाणी पितें, पण एकदां धरूं लागलें कीं वर्षानुवर्षें देत राहतें. ताज्या बातम्या, नटनट्यांच्या कुलंगड्या, कालच्या क्रिकेटच्या सामन्यावरील टीका, हे व्हिडिओ मेथीच्या जुडीसारखे. ते आज पाहिले जातात आणि परवां विसरले जातात. त्यांचा कर्ता रोज नवी जुडी बांधीत राहतो. पुरणपोळीची कृति, अपूर्णांकांचा धडा, शिवणयंत्राची दुरुस्ती, सातबारा कसा वाचावा याची माहिती, हे विषय कलमासारखे. आज केलेला असा व्हिडिओ तीन वर्षांनींही कोणी तरी शोधीत येतो. दर आठवड्याला एक याप्रमाणें असे शंभर व्हिडिओ होण्यास दोन वर्षें लागतात, आणि त्यांतले पहिले पंचवीस-तीस बहुधा हात बसण्यांतच खर्ची पडतात. म्हणून ज्याचें सर्व नीट जमलें त्यालाही जोडउत्पन्नासाठीं दोन वर्षें आणि संसार चालण्यासाठीं तीन ते पांच वर्षें, असा माझा अंदाज आहे.

येथें कोणी म्हणेल, 'मास्तर, चिकाटी धरली तर पांच वर्षांनीं तरी सर्वांचें साधेल ना?' दुर्दैवानें तसें नाहीं. यूट्यूबनेंच २०२० च्या सुमारास सांगितलें होतें कीं, दर मिनिटाला तेथें ५०० तासांहून अधिक व्हिडिओ चढविले जातात. या हिशेबानें एका दिवसाची भर पाहून संपविण्यास एका माणसाला, तो झोपला किंवा जेवला नाहीं तरी, ८२ वर्षें लागतील. या महापुरांत आपली होडी कोणाच्या नजरेस पडावी? जर्मनींतील माथियास बेर्टल या अभ्यासकानें दहा वर्षांच्या आंकड्यांचा धांडोळा घेऊन २०१८ सालीं दाखवून दिलें कीं, सर्व पाहण्यापैकीं सरासरी शेंकडा ८५ भाग शेंकडा ३ चॅनेलांच्याच वांट्याला जातो. राहिलेल्या ९७ जणांनीं उरलेल्या १५ भागांत आपलें भागवावयाचें.

आपल्या देशाचे आंकडेही पाहा. २०२५ सालच्या मे महिन्यांत मुंबईस भरलेल्या 'वेव्ह्ज' परिषदेंत यूट्यूबचे प्रमुख नील मोहन यांनीं सांगितलें कीं, मागील वर्षभरांत भारतांतील १० कोटींहून अधिक चॅनेलांनीं व्हिडिओ चढविले, आणि त्यांपैकीं दहा लाखांहून अधिक सबस्क्राइबर असलेलीं १५,००० हून अधिक आहेत. साडेसहा हजारांच्या आसपास चॅनेलांमागें एक, असें हें प्रमाण पडतें. त्याच वेळीं त्यांनीं असेंही सांगितलें कीं, मागील तीन वर्षांत भारतांतील कर्ते, कलावंत आणि प्रसारसंस्था यांना मिळून २१,००० कोटींहून अधिक रुपये देण्यांत आले. रक्कम डोळे दिपविणारी आहे. पण वर्षाला ७,००० कोटी रुपये १० कोटी चॅनेलांत समान वांटले, तर प्रत्येकाला वर्षाला ७०० रुपये मिळतील! अर्थात् ते समान वांटले जात नाहींत. कांहींना लाखों मिळतात, आणि म्हणूनच बहुतेकांना कांहींच मिळत नाहीं. आपल्याला वर्तमानपत्रांत ज्यांचे फोटो दिसतात ते पहिले. दुसऱ्यांचे फोटो कोण छापणार?

जे यशस्वी झाले त्यांना तरी किती काळ लागला? अमेरिकेंतील जिमी डोनाल्डसन, ज्याला जग 'मिस्टर बीस्ट' या नांवानें ओळखतें, त्यानें २०१२ सालीं, वयाच्या तेराव्या वर्षीं व्हिडिओ करण्यास प्रारंभ केला. २०१७ सालच्या जानेवारींत त्यानें एकापासून एक लाखापर्यंत आंकडे मोजण्याचा विचित्र व्हिडिओ केला, आणि तेथून त्याचें नांव गाजूं लागलें. मधलीं पांच वर्षें त्याचें नांव फारसें गाजलें नव्हतें. २०२४ सालच्या जूनमध्यें त्याचें चॅनेल सबस्क्राइबरांच्या संख्येनें जगांत पहिलें झालें. पण आरंभापासून तोंपर्यंत बारा वर्षें लोटलीं होतीं.

जवळचीं उदाहरणें घेऊं. मराठींत 'भारतीय डिजिटल पार्टी', म्हणजे 'भाडिपा', हें चॅनेल २०१६ सालीं निघालें. त्याच्या चालकांनीं केवळ यूट्यूबच्या वांट्यावर विसंबून न राहतां रंगमंचावरील कार्यक्रम आणि प्रायोजित मालिका यांचीही जोड दिली. छत्तीसगडांत रायपूरजवळ तुलसी नांवाचें खेडें आहे. तेथें २०१८ सालीं दोघा मित्रांनीं आपापलें काम सोडून चॅनेल काढलें आणि पाहतां पाहतां सारें गांव नटूं लागलें. आज तें 'यूट्यूबचें गांव' म्हणून ओळखलें जातें. पण नीट पाहिलें तर तेथील पुष्कळ लोक आपापला कामधंदा करूनच व्हिडिओंत काम करतात. आधीं पोटोबा, मग विठोबा, हें त्यांना कोणी शिकवावें लागलें नाहीं.

या प्रसंगीं दादासाहेब फाळके यांची आठवण होणें स्वाभाविक आहे. कारण चालत्या चित्रांवर पोट भरण्याचा प्रश्न महाराष्ट्रांत आरंभींच्या काळांत त्यांनाही पडला. मुंबईंत येशू ख्रिस्ताच्या चरित्राचा चित्रपट पाहून त्यांनीं हा ध्यास घेतला. आयुर्विमा गहाण टाकून १९१२ सालीं ते लंडनला जाऊन विद्या शिकून आले. परत आल्यावर भांडवल देणाऱ्यांची खात्री पटविण्यासाठीं त्यांनीं काय केलें? कुंडींत वाटाण्याचा दाणा पेरून, तो उगवून वर येईपर्यंत त्याचीं चित्रें घेतलीं आणि रोपाची वाढ पडद्यावर दाखविणारी एक लहानशी फिल्म तयार केली. आजच्या भाषेंत बोलावयाचें तर तें एक शॉर्टच होतें! तें पाहून भांडवल देणाऱ्यांची खात्री पटली, आणि ३ मे १९१३ रोजीं 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरांत लोकांपुढें आला. यांतून घेण्यासारखें पुष्कळ आहे. परंतु आपल्या विषयापुरतें एवढेंच घ्यावें कीं, दुसऱ्याच्या पैशाला हात घालण्यापूर्वीं त्यांनीं आपली करामत हातानें करून दाखविली. आज उलट चाललें आहे; कर्ज आधीं आणि वाटाणा मागाहून! माझ्या माहितींतल्या एका तरुणानें दोन दुभत्या म्हशी विकून कॅमेरा आणला. सात महिन्यांनीं तो कॅमेरा निम्म्या किंमतीला गेला. म्हशी असत्या तर तेवढ्या काळांत त्यांनीं दूध तरी दिलें असतें.

आणखी एका धोक्याकडे लक्ष वेधणें जरूर आहे. आपलें चॅनेल हें आपलें घर नव्हे. ती भाड्याची खोली आहे, आणि भाडेपट्टा एकतर्फी आहे. २९ जून २०२० रोजीं केंद्र सरकारनें टिकटॉकवर बंदी घातली. आपल्या खेड्यापाड्यांतल्या असंख्य तरुणांनीं तेथें हजारों-लाखों चाहते मिळविले होते. ते एका रात्रींत नाहींसे झाले. सरकारनें राष्ट्राच्या सुरक्षिततेसाठीं तें केलें. त्याच्या योग्यायोग्यतेचा येथें प्रश्न नाहीं. प्रश्न एवढाच कीं, ज्यानें सारीं अंडीं एकाच टोपलींत ठेवलीं होतीं, त्याच्यापाशीं दुसऱ्या दिवशीं काय उरलें? यूट्यूबही वेळोवेळीं आपले नियम बदलतें. एकाच साच्यांतून घाऊक काढलेल्या व्हिडिओंना उत्पन्नाचा वांटा नाहीं, हें त्यानें २०२५ सालच्या जुलैमध्यें पुन्हां स्पष्ट केलें. दुसऱ्याचे तुकडे जोडून किंवा यंत्राकडून रोज दहा-दहा व्हिडिओ करवून घेऊन काळ वांचवूं पाहणाऱ्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

मिळालेला पैसा सर्वच आपला नसतो, हेंही सांगितलें पाहिजे. तें उत्पन्न प्राप्तिकरास पात्र आहे. अमेरिकेंतील प्रेक्षकांपासून झालेल्या उत्पन्नावर २०२१ सालच्या जूनपासून तेथील कर कापला जातो. आपण आपल्या देशाचा दाखला भरून दिला तर त्याचा दर शेंकडा १५ असतो, न दिल्यास त्याहून अधिक आणि साऱ्या उत्पन्नावर कापला जाण्याचा संभव असतो. एखाद्या कंपनीनें पैसे किंवा वस्तु देऊन आपल्या मालाची स्तुति करावयास सांगितलें, तर तसें प्रेक्षकांना स्पष्ट कळविलें पाहिजे, असे दंडक केंद्र सरकारनें २०२३ सालच्या जानेवारींत घालून दिले आहेत. प्रामाणिक माणसाला ते जाचक वाटूं नयेत.

मग या मार्गाला जाऊंच नये काय? असें मी म्हणत नाहीं. मी म्हणतों तें एवढेंच कीं, मुदती ठरवून जावें. पहिले सहा महिने घरांत असलेल्या फोनवरच काम करावें. खर्च करावयाचाच तर आवाज स्वच्छ येण्यासाठीं एक साधा माइक घ्यावा, कारण अंधुक चित्र लोक चालवून घेतात, पण न ऐकूं येणारें बोलणें चालवून घेत नाहींत. या काळांत पंचवीस व्हिडिओ पुरे करावे. परीक्षा प्रेक्षकांच्या संख्येची घेऊं नये. माणूस आपला व्हिडिओ सरासरी किती मिनिटें पाहतो तें पाहावें. तो आंकडा महिन्यामागून महिना वाढत असेल तर आपण शिकत आहों. दुसरी मुदत दीड वर्षाची. तोंपर्यंत चार हजार तासांचें दार दृष्टिपथांत आलें नाहीं, तर विषय बदलावा किंवा हा उद्योग छंद म्हणून ठेवावा. छंदांत कमीपणा नाहीं. तिसरी मुदत नोकरी सोडण्याची. ओळीनें बारा महिने व्हिडिओंचें उत्पन्न घरखर्चाइतकें आलें असेल, आणि आणखी एक वर्षाचा खर्च बँकेंत शिल्लक असेल, तरच राजीनामा लिहावा. बारा महिने अशासाठीं कीं, दिवाळीचा भर आणि जानेवारीचा ओहोटा हे दोन्ही त्यांत येऊन जातात. एखाद्या महिन्यांत एखादा व्हिडिओ वणव्यासारखा पसरला, तर त्या महिन्याच्या उजेडांत वर्षाचा रस्ता दिसत नाहीं.

शेवटीं आणखी एक वाट सांगतों, जिच्याकडे सहसा कोणी पाहत नाहीं. माझा एक जुना विद्यार्थी विहिरीवरील मोटारी भरून देण्याचें, ज्याला रिवाइंडिंग म्हणतात, तें दुकान चालवितो. मोटार जळूं नये म्हणून काय करावें, स्टार्टर बिघडला तर काय तपासावें, असे व्हिडिओ तो गेलीं तीन वर्षें करीत आला आहे. त्याचें यूट्यूबचें उत्पन्न त्याच्या चहापानापलीकडे जात नाहीं. परंतु पूर्वीं त्याच्याकडे एका बाजाराच्या गांवचीं गिऱ्हाइकें येत. आतां शेजारच्या दोन तालुक्यांतून लोक मोटारी घेऊन येतात, आणि त्यानें हाताखालीं दोन पोरें ठेवलीं आहेत. त्याला कोणीं विचारलें कीं, 'यूट्यूबवर पोट भरतें काय?' तर तो म्हणतो, 'पोट दुकानावर भरतें, यूट्यूब दुकान भरतें.' शिवणकाम, शिकवणी, रोपवाटिका, खाणावळ, भजनाचे वर्ग अशा अनेक उद्योगांना ही वाट मोकळी आहे. या वाटेवर हजार सबस्क्राइबरांची अट नाहीं. आपल्या पंचक्रोशींतले शंभर खरे गिऱ्हाईक मिळाले तरी काम होतें, आणि त्यासाठीं सहा महिनेही पुरतात.

सारांश, केवळ व्हिडिओंवर संसार चालविण्यास तीन ते पांच वर्षें लागतात, तींही थोड्यांनाच लाभतात. मात्र हातांत एखादी विद्या असेल तर तिला व्हिडिओची जोड देऊन फळ पुष्कळ लवकर मिळतें. म्हणून मुलांना माझें सांगणें आहे कीं, आधीं दाखविण्याजोगें कांहीं तरी शिका, मग दाखवा. आणि पालकांनाही विनंति आहे कीं, मुलाच्या हातांतला फोन हिसकावून घेण्याऐवजीं त्याच्या शेजारीं वही-पेन्सिल घेऊन बसा आणि त्याच्याकडून हा हिशेब करवून घ्या. हिशेब करूनही ज्याचा उत्साह टिकतो, त्याला वाट अडवूं नये. आणि हिशेबानेंच ज्याचा उत्साह मावळतो, त्याचीं पांच वर्षें तरी वांचलीं, असें समजावें.